गोदाकाठच्या सरपंचांना खुले पत्र: वाडा उतरवण्याआधी एकदा मोजा

प्रति,
निफाड तालुक्यातील गोदाकाठच्या गावांचे सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्रामसभेचे सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

मृग जवळ आला की गावोगावी धोकादायक घरांच्या नोटिसा निघतात. वाडा मोडकळीस आला आहे, ताबडतोब उतरवून घ्या, काही बरंवाईट झालं तर ग्रामपंचायत जबाबदार राहणार नाही. नोटीस देणं तुमचं काम आहे आणि ते तुम्ही केलंच पाहिजे. पावसाळ्यात भिंत पडून माणूस दगावल्याची बातमी आपण सगळेच वाचतो, आणि त्या माणसाच्या घरी जाऊन वारशाच्या गप्पा मारायची माझी छाती नाही. मला बोलायचं आहे ते नोटीस लिहिण्याआधी काय बघितलं जातं आणि नोटीस लागल्यावर वाड्याचं काय होतं, याबद्दल.

मी याच काठावरचा. एका जुन्या वाड्यात माझा हिस्सा आहे, आणि माझं पोट सिमेंट-सळईच्या कामावर चालतं. तेव्हा जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांत मला धरू नका. स्लॅबच्या घरात राहण्याचं सुख काय असतं ते मला ठाऊक आहे. आमच्या आईला तर वाड्यातल्या न्हाणीचं नाव काढलं तरी राग येतो.

वाडा म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते चांदवडचा होळकरांचा रंगमहाल, नाशकातला सरकारवाडा, भगूरचा सावरकरांचा वाडा. त्यांच्यासाठी सरकार आहे, १९६० चा स्मारकांचा कायदा आहे, निधी आहे. चांदोरीच्या हिंगण्यांनी दिल्लीत पेशव्यांची वकिली केली, विंचूरकरांनी तलवार गाजवली. त्यांच्या वाड्यांची नावं निदान इतिहासात तरी आहेत. मी बोलतोय ते शेतकऱ्याच्या वाड्याबद्दल. पुढे ओटा, मग देवडी, एका अंगाला गोठा, मधे चौक, चौकाला सोपे म्हणजे पडव्या, मागे काळोखं माजघर आणि त्यामागे परसू. कोरीव काम असलंच तर दाराच्या चौकटीवर आणि दर्शनी खांबांच्या हस्तांवर, म्हणजे तुळई पेलणाऱ्या लाकडी आधारांवर, बाकी सगळं कामापुरतं. असे वाडे कुठल्याही यादीत नाहीत. यादीत घाला असंही माझं म्हणणं नाही. यादीत गेलेल्या घराला खिळा ठोकायलाही परवानगी लागते अशी लोकांची धास्ती आहे, आणि त्या धास्तीपायी यादी निघायच्या आधीच लोक वाडा पाडून मोकळे होतील.

हे घर कधीच एका जागी थांबलेलं नाही, हे आधी ध्यानात घ्या. आमच्याच वाड्याचं सांगतो.

सगळ्यांत जुना भाग मागचा. तिथे भिंती अडीच फूट रुंद. कमरेपर्यंत काळा दगड, वर पांढरीच्या मातीच्या कच्च्या विटा. पांढरी म्हणजे जुन्या वसाहतीच्या टेकाडाची माती. नाशकातल्या मातीच्या गढीवर १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि देव यांनी उत्खनन केलं तेव्हा जशी जुन्या वस्त्यांची थरावर थर माती निघाली, तशीच टेकाडं गोदेच्या काठाने जागोजाग होती आणि आपल्या पूर्वजांनी ती खणून घरं बांधली. भिंत खरवडली की आत खापरांचे तुकडे दिसतात. म्हणजे घर जितकं जुनं, त्याहून त्याची माती जुनी.

वर धाबं. हेही आपल्या भागाचंच लक्षण. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो म्हणून तिकडे उतरतं छप्पर. निफाड-येवल्याकडे पाऊस त्याच्या पाव हिश्श्याच्या आतबाहेर, म्हणून लाकडी कडीपाटावर मातीचं सपाट धाबं चालतं. उन्हाळ्यात आत गारवा, हिवाळ्यात ऊब. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा दोन-तीन अंशांवर उतरल्याच्या बातम्या येतात तेव्हा त्या माजघरात निजून बघा, म्हणजे अडीच फुटांची भिंत कशाला हवी ते कळेल.

पुढचा सोपा नंतरचा. त्यावर मंगलोरी कौलं आहेत. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली, आणि आपल्याकडे रेल्वे आली तीही त्याच दशकात. म्हणजे हे छप्पर त्याआधीचं असूच शकत नाही. लाकूडही तेच सांगतं. मागच्या तुळयांवर वाकसाचे, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराचे, घाव हाताला लागतात, आणि तिथले खिळे लोहाराने हाताने घडवलेले, चौकोनी. पुढच्या वाशांवर करवतीच्या सरळ रेघा. आणि गोठ्यावरच्या छपराला जे लाकूड आहे त्यावर गोल पात्याच्या कमानदार खुणा, म्हणजे गिरणीत कापलेलं. तीन पिढ्यांचे सुतार, तिघांची हत्यारं, एकाच छताखाली.

माजघराच्या भिंतीत दोन बळदं होती. कुळांकडून येणारं खंडाचं धान्य त्यात पडायचं. कूळ कायदा आला, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कसेल त्याची जमीन झाली आणि खंडाच्या गाड्या थांबल्या. एक बळद फोडून तिथे स्वयंपाकाचा ओटा झाला, दुसऱ्यात आता संडास-बाथरूम आहे. गावच्या जमीनदारीचा शेवट कसा झाला याचा एवढा चोख पुरावा तलाठी कार्यालयातसुद्धा सापडायचा नाही.

मग १९६९ चा पूर. चांदोरी-सायखेड्याच्या लोकांना त्याची आठवण करून द्यायला नको. २००८, २०१६ आणि २०१९ ला नदी पुन्हा दारात आली तेव्हाही म्हाताऱ्यांनी मोजमाप केलं ते एकोणसत्तरच्या रेघेवरूनच. त्या पुरात आमची नदीकडची भिंत बसली. ती पुन्हा उभी केली ती भाजक्या विटांची, छातीपर्यंत. वर जुनीच कच्ची वीट ठेवली. आज बाहेरून पाहिलं की भिंतीचा रंग जिथे बदलतो, साधारण तिथपर्यंत पाणी होतं.

ट्रॅक्टर आला तेव्हा पुढचा मोठा दरवाजा आड आला. बैलगाडी आत जायची, ट्रॉली जाईना. डाव्या अंगाची चौकट कापली, दगडी उंबरा उचलून ओट्याच्या पायरीला लावला आणि वर लोखंडी गर्डर टाकला. गर्डर अजून आहे, ट्रॅक्टर मात्र मळ्यात गेला. कारण द्राक्षबाग आली. बागेजवळ माणूस हवा, छाटणीला हवा, डिपिंगला म्हणजे घड औषधात बुडवायला हवा, रात्री लाइट येते तेव्हा मोटार चालू करायला हवा. तशी एकेक घरं गावठाणातून उठून मळ्यात बंगले बांधून राहू लागली. वाड्यात उरले म्हातारे, कांदा आणि क्रेट. हंगामात पेठ-सुरगाण्याकडून येणारी मजूर कुटुंबं गोठ्याच्या जागी राहतात. तिथल्या गव्हाणीवर त्यांनी चूल मांडली आहे.

आता मला सांगा, यातलं मूळ रूप कोणतं?

हे विचारतो आहे कारण वाडा वाचवणारे म्हणून जे लोक हल्ली येतात तेही मला तितकेच खटकतात. २०२० चं कृषी पर्यटन धोरण आल्यापासून आणि आता २०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय म्हणून जुन्या वाड्यांना गिऱ्हाईक आलं आहे. चांगली गोष्ट आहे. वाडा स्वतःचा खर्च स्वतः काढत असेल तर कुणाला नको आहे? पण पहिली वाक्यं ठरलेली: पत्रे काढू, गर्डर काढू, ऑइल पेंट खरवडू, सगळं पेशवाईसारखं करू. मग कुठल्यातरी दुसऱ्या गावच्या पाडलेल्या वाड्याचे कोरीव खांब आणून इथे उभे करायचे. जिथे कधी झोपाळा नव्हता तिथे झोपाळा टांगायचा. शेतकऱ्याच्या घराला सरदाराचा अंगरखा घालून फोटो काढायचे. गर्डर कुरूप आहे, मान्य. तरी तो काढला तर ट्रॅक्टर गावात कधी शिरला हे सांगणारं दुसरं काही उरत नाही.

मग ही घरं पडतात कशाने? जुनी झाली म्हणून, असं आपण म्हणतो. माझा अनुभव वेगळा आहे. बहुतेक वेळा ती पडतात गेल्या तीस-चाळीस वर्षांत चुकीच्या मालाने केलेल्या दुरुस्तीमुळे. म्हणजे आम्हा सिमेंटवाल्यांमुळे.

लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभा असतो. तळखडा जमिनीच्या वर वीतभर असतो तो उगाच नाही. ओल दगडापाशी थांबावी म्हणून. शेणाने सारवलेल्या जमिनीवर आधी शहाबादी आली, तिच्यावर मोझॅक, मोझॅकवर व्हिट्रिफाइड टाइल. प्रत्येक वेळी जमीन दोन-तीन इंच वर. शेवटी तळखडा गाडला गेला आणि खांबाचा पाय थेट सिमेंटच्या कोब्यात. आता ओलीला वर यायला खांबाखेरीज वाट नाही. वरून तो खांब पॉलिश मारलेला, झकास दिसतो. पायाशी स्क्रू ड्रायव्हर टोचा, मुठीपर्यंत आत जातो.

भिंतीचं तेच. मातीच्या भिंतीला मातीचा गिलावा किंवा चुना लागतो, कारण भिंत ओल घेते तशी ती सोडतेही. तिला सिमेंटचं प्लास्टर केलं की ओल आत कोंडते. प्लास्टर तसंच कडक उभं, आतली माती भिजून खाली बसते, मग भिंतीला पोट सुटतं आणि एका रात्री सगळं ढासळतं. लोक म्हणतात, कालपर्यंत तर चांगली होती भिंत.

धाब्याचं गणित तर शाळेतल्या पोरालाही करता येईल. गळतं म्हणून दर वर्षी माती टाकायची, जुनी मात्र काढायची नाही. दहा बाय पंधरा फुटांच्या एका खणावर, म्हणजे खांबांमधल्या एका गाळ्यावर, फूटभर जाडीची ओली माती म्हणजे सहा-सात टन. काही धाब्यांवर दीड फूट माती मी स्वतः मोजली आहे. त्यावर पत्र्याचा मांडव, आणि पत्र्याचं सगळं पाणी नेमकं भिंतीच्या डोक्यावर सोडलेलं, कारण पन्हाळ लावायचे दोन-तीन हजार वाचवायचे असतात.

वाटण्या ही यातली सगळ्यांत दुखरी बाब आहे, आणि ती तुमच्या दप्तराशी जोडलेली आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. भाऊ वेगळे होतात तेव्हा खण मोजून वाटतात: तीन खण तुझे, तीन माझे. पण तुळई अशी मोजून वाटता येत नाही. ती एका खांबावरून पुढच्या खांबावर गेलेली असते, सांधा मधे कुठेतरी. एका भावाला घरकुल मंजूर होतं. तो आपले तीन खण उतरवतो, शेजारच्या तुळईचं एक टोक हवेत राहतं, तात्पुरता बल्लीचा टेकू दिला जातो आणि तोच टेकू मग कायमचा होतो. पुढच्या वर्षी नोटीस कुणाला? ज्याने काही पाडलं नाही त्या भावाला. घरकुलाला माझा विरोध नाही. मात्र मंजुरी देताना सामाईक भिंत आणि सामाईक तुळई कुठे आहे हे कुणीतरी जाऊन बघायला नको का?

तुमच्या नमुना ८ वर, म्हणजे घरपट्टीच्या आकारणी नोंदवहीत, या घराची नोंद काय असते? दगड-विटा-मातीचं बांधकाम, वय भरपूर, म्हणून घसारा भरपूर, म्हणून किंमत नाममात्र. कर कमी बसतो, तक्रार नाही. पण तोच वाडा उतरवायला काढला की जुन्या सागवानाचा व्यापारी हजर. तो घनफुटावर भाव करतो आणि दर्शनी खांब-हस्त वेगळे धरतो. कागदावर कवडीमोल असलेलं घर त्याच्या ट्रकमध्ये चढताना लाखांच्या घरात जातं, आणि हिस्सेदारांना ते कळतं लाकूड गेल्यावर. काही नोटिसांच्या मागे सुरक्षिततेपेक्षा लाकडाचा हिशेब अधिक असतो, अशी गावात कुजबुज असते. कुजबुजीवर मी आरोप करणार नाही. लाकडाची यादी पंचनाम्यात लिहायची पद्धत पडली तर ती आपोआप बंद होईल.

स्वामित्व योजनेत २०२० पासून ड्रोनने गावठाणं मोजली जात आहेत, मिळकत पत्रिका मिळताहेत. हिश्शाची भांडणं त्याने कमी होतील. पण ड्रोनला वरून दिसतो तो पत्रा. आत सोपा आहे की गोठा, कच्ची वीट आहे की भाजकी, हे त्याला दिसत नाही आणि ते त्याचं कामही नाही. ते काम खालून, फीत धरूनच करावं लागेल.

माझी मागणी त्यामुळे छोटी आहे. निधी मागत नाही, नवा नियमही मागत नाही. धोकादायक नोटीस देण्याआधी ज्याला लाकूड आणि माती कळते असा एक माणूस घेऊन घर आतून बघा. आपल्याकडे जुने सुतार आणि गवंडी अजून आहेत, त्यांचं ऐका. खांबांचे पाय उघडे करा, धाब्यावरची माती मोजा. पुष्कळ ठिकाणी निम्मी माती उतरवून, पन्हाळ लावून आणि खांबाला नवा पाय जोडून भागेल. सडलेला भाग कापून खाली दगड किंवा नवं लाकूड सांधणं हे सुताराचं नेहमीचं काम आहे आणि ते नव्या स्लॅबच्या पासंगालाही पुरणार नाही इतक्या खर्चात होतं. जिथे भागणार नाही तिथे वाडा खुशाल उतरवा. मात्र त्याआधी त्याची मोजणी करा. चौकाची लांबी-रुंदी, खणांची संख्या, भिंतींची जाडी, कुठली भिंत कशाची, दरवाजा कधी कापला, बळद कुठे होतं. प्रत्येक खोलीचे मोबाइलवर फोटो आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाशी तासभर बोलणं, रेकॉर्ड करून. हे सगळं एका फायलीत, नमुना ८ च्या उताऱ्याला जोडून. नाशकात आर्किटेक्चर आणि सिव्हिलची कॉलेजं आहेत, त्यांच्या पोरांना मोजणीचं काम अभ्यासात करावंच लागतं. त्यांना पत्र पाठवलंत तर एका रविवारी एक वाडा मोजून होईल.

यात घरमालकावर कसलीही सक्ती नको, हेही ठरावात लिहा. लोकांना धाक वाटला की दारं बंद होतात.

काही जण म्हणतील, कापलेल्या चौकटीची आणि फोडलेल्या बळदाची नोंद ठेवून करायचं काय? पुढच्या पुराच्या वेळी एक उपयोग तर लगेच होईल: कुठल्या घरांची खालची भिंत कच्च्या विटांची आहे हे ग्रामपंचायतीला आधी माहीत असेल आणि कुणाला सगळ्यांत आधी हलवायचं ते रात्री दोनला विचारत फिरावं लागणार नाही. नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याचं पाणी चढायला लागलं की वेळ किती कमी मिळतो, ते आपण २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाहिलं आहे.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्या. सुरुवात आमच्याच वाड्यापासून करा. बाकीच्या हिस्सेदारांची लेखी संमती घेऊन ठेवली आहे, एक पुण्याचा भाऊ तेवढा राहिला आहे, तो दिवाळीला येतो तेव्हा त्याचीही घेईन. फीत, शिडी आणि बॅटरी मी आणतो. फितीचं दुसरं टोक धरायला आणि लिहून घ्यायला ग्रामपंचायतीने एक माणूस द्यावा.

आपला,
गोदाकाठचा एक हिस्सेदार